आमच्या घरांवर छप्पर चढवणारे आप्पा मेस्त्री गेले

पाखाडी

गेल्या मंगळवारी पहाटे आप्पा मेस्त्री गेले. झोपेतच हृदयविकाराचा झटका आला. वय अठ्ठावन्न. सोमवारी दिवसभर कामावर होते, एका घराचे वासे चढवून संध्याकाळी घरी आले, जेवले, झोपले. सकाळी उठलेच नाहीत.

दापोली तालुक्यात आंजर्ल्यापासून केळशीपर्यंत ज्यांचं कौलारू घर आहे, त्यांना आप्पा कोण हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी लिहितो. असा माणूस गेला की पेपरात चार ओळीही येत नाहीत, आणि वाडीबाहेर कोणाला पत्ताही लागत नाही. आप्पांच्या बाबतीत तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

आप्पांचे वडील लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर असा कधी मिटलाच नाही. वडिलांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग बिऱ्हाड आवरून गावी आले. आप्पा तेव्हा नववीत. शाळा तिथेच सुटली. पाठीवर तीन भावंडं. मामा सुतारकाम करायचे, त्यांच्या हाताखाली गेले. पहिली काही वर्षं फक्त हत्यारांना धार लावणं, फळ्या वाहणं आणि रंधा मारणं. मामा त्यांना वाशाला हात लावू देत नसत. आप्पा हे फार आदराने सांगायचे. "मामांनी घाई केली नाही म्हणून माझा हात बसला," असं म्हणायचे.

टेबलं, कपाटं, दारं त्यांनी केलीच, पण त्यांचं खरं काम छपराचं. माथ्याचं आढं, तुळया, वासे, वाशांवरच्या आडव्या रिपा, त्यांवर कौलं. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने घर म्हणजे छप्परच असतं, हे कोकणात राहिलेल्यालाच कळतं. शिमग्याला पालखीसाठी गावी गेले की लोक आधी आप्पांना गाठायचे आणि शाकारणीचा, म्हणजे पावसाआधी कौलं काढून परत नीट बसवण्याचा, दिवस ठरवून घ्यायचे. आप्पांचा एकच नियम: जेवढं पाखं (छपराची उतरती बाजू) संध्याकाळपर्यंत झाकून होईल तेवढंच सकाळी उघडायचं. मे महिन्यात आभाळ कितीही स्वच्छ असलं, मालकाने कितीही घाई केली, माणसं जास्त असली, तरी नियम मोडत नसत. वळवाचा पाऊस काही सांगून येत नाही. त्यांनी उघडलेल्या घरात पाणी शिरलं असं आमच्या गावात कोणी सांगू शकणार नाही.

कौलं चाळताना त्यांना पाहणं हा एक अनुभव होता. प्रत्येक कौल डाव्या हातावर घेऊन उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने टकटक करायचे. खणखणीत वाजलं तर परत जागेवर, आवाज बसका आला तर बाजूला. डोळ्यांना न दिसणारी तडा त्यांच्या कानाला ऐकू यायची. मी एकदा बाजूला टाकलेलं कौल उन्हात धरून पाहिलं, मला काही दिसलं नाही. त्यांनी त्यावर वाटीभर पाणी ओतलं आणि थोड्या वेळाने खालच्या अंगाला केसाएवढी ओली रेघ उमटली.

आम्ही सगळे ठाणे-मुंबईत, गावचं घर बंद. दरवर्षी पहिला मोठा पाऊस झाला की आप्पा न सांगता चावी घेऊन घरात जाऊन यायचे. संध्याकाळी फोन यायचा: "ओटी कोरडी, माजघर कोरडं, देवघर कोरडं." एवढंच बोलून ठेवून द्यायचे.

ज्यांच्याकडे त्यांच्या आठवणी आहेत त्यांनी इथे लिहाव्यात. वहिनी, दोन मुली आणि धाकटे भाऊ सध्या गावीच आहेत.

अबोली

बातमी वाचून सुन्न झाले. विनम्र श्रद्धांजली.

सुरंगी

मी त्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं शिक्षिका होते. आप्पांच्या दोन्ही मुली माझ्या हाताखालून गेल्या. पालकसभेला आमच्याकडे बहुतेक आयाच येतात, वडील क्वचितच. आप्पा एकही सभा चुकवत नसत. कामावरून थेट यायचे, केसांत भुसा, कानावर पेन्सिल, आणि मागच्या बाकावर बसायचे. इतर पालक मार्क विचारायचे. हे विचारायचे, "बाई, हिचं काय कच्चं आहे तेवढं सांगा." मी सांगितलेलं एका छोट्या वहीत लिहून घ्यायचे. पुढच्या सभेत त्याच वहीतून वाचून, ते सुधारलं की नाही हे विचारायचे.

थोरली आता परिचारिका आहे. तिचा प्रवेश रत्नागिरीला झाला तेव्हा नातेवाइकांपैकी काहींनी एवढ्या लांब मुलीला एकटीला ठेवू नका म्हणून सांगितलं. आप्पांनी कोणाशी वाद घातला नाही. एसटीने तिच्याबरोबर गेले, वसतिगृहाची खोली पाहिली, तिच्या कॉटचा एक पाय हलत होता तो पाचर मारून पक्का केला आणि मग परत आले. पाचर पिशवीत होती का, असं मी नंतर विचारलं. म्हणाले, "पोरीला नवीन ठिकाणी सोडायला चाललो होतो बाई, हत्यारं घेऊनच गेलो."

भरतीओहोटी

निसर्ग वादळातलं लिहिल्याशिवाय आप्पांवरचा धागा पुरा होणार नाही.

३ जून २०२०. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटर. आमचा दापोली-मंडणगडचा पट्टा त्यात भरडून निघाला. सकाळी माडांच्या शेंड्यांचा आवाज बदलला आणि दुपारपर्यंत वाडीतल्या निम्म्या घरांची कौलं अंगणात होती. पोफळीच्या (सुपारीच्या) बागा तर आडव्याच झाल्या. खांब पडलेले, वीज नाही, फोन नाही. त्यात टाळेबंदी. मुंबईतली माणसं यायला परवानगी लागायची, बाहेरचे कारागीर आधीच आपापल्या मुलखात निघून गेलेले. ताडपत्री मिळेना, पत्रे मिळेनात, कौलं तर नाहीतच. आणि आठवडाभरात मोसमी पाऊस दाखल झाला.

आप्पांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळशाचा तुकडा घेऊन वाडीत फिरले. प्रत्येक घरात आत जाऊन विचारलं: तान्हं बाळ आहे का, कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे का, धान्य कुठे ठेवलंय. मग जोत्याच्या चिऱ्यावर एक, दोन किंवा तीन रेघा ओढल्या. एक रेघ म्हणजे आज. लोकांनी त्या रेघांवरून एक शब्द वाद घातला नाही. आप्पांनी ओढली म्हणजे बरोबर.

सामान कुठून आणायचं? त्यांनी पडलेल्या पोफळी उभ्या चिरल्या आणि त्याच्या रिपा केल्या. जुन्या काळी गरिबाच्या घराला पोफळीच्याच रिपा असत, तेव्हा यात नवं काही नाही असं म्हणाले. जून पोफळीचं बाहेरचं लाकूड चिवट असतं, आतला गर काढून टाकायचा. ज्याच्या बागेतली पोफळ पडली त्याच्याच घरावर ती चढली. मोडलेल्या घरांची धड कौलं गोळा करून एका पाख्यावर आणली, म्हणजे निदान अर्धं घर कोरडं. उरलेल्यावर झावळ्यांचे झाप. पाऊस सुरू झाला तेव्हा आमच्या वाडीत प्रत्येक घरात झोपण्यापुरती आणि चुलीपुरती कोरडी जागा होती. त्या वर्षी २२ ऑगस्टला गणपती आले, तोवर आप्पा आणि त्यांच्या हाताखालची दोन पोरं रोज कुठल्या ना कुठल्या घरावर चढलेली असायची. स्वतःच्या घराच्या पडवीवर मात्र तेव्हाही ताडपत्रीच होती.

रातांबा

मी या भागातला नाही, गुहागरकडचा. आप्पांना ओळखत नव्हतो, पण वाचून वाईट वाटलं.

एक विचारायचं होतं, कोणाला माहीत असेल तर. वादळात काही कौलारू घरांचं फारसं काही झालं नाही आणि शेजारच्यांची कौलं उडाली असं आमच्याकडेही झालं. आप्पांनी बांधलेली घरं टिकली का? टिकली असतील तर ते नेमकं काय वेगळं करायचे? मला जुनं घर उतरवून परत कौलारूच करायचंय. सगळे स्लॅब घाल म्हणून मागे लागलेत.

गुण्या ओळंबा

मी आप्पांकडे शिकलो. दहावी झाल्यावर त्यांच्या हाताखाली लागलो तो आजपर्यंत. लिहायची सवय नाही, पण हे मला माहीत आहे म्हणून सांगतो.

रातांबा, मंगलोरी कौल उलटं करून बघा. वरच्या टोकाला आतून बोंडं असतात, ती रिपेला अडकतात. कौल नुसतं वजनावर आणि त्या बोंडावर राहतं. बऱ्याच कौलांना आतल्या अंगाला एक भोक असलेला कानही असतो. तो तार बांधण्यासाठीच दिलेला असतो, पण कोणी बांधत नाही, वेळ जातो म्हणून. आप्पा वळचणीच्या, म्हणजे खालच्या कडेच्या, दोन ओळी, आढ्याजवळची ओळ आणि दोन्ही बाजूंच्या कडा तारेने रिपेला बांधायचेच. वारा छप्पर वरून दाबत नाही, कडेने आत शिरून उचलतो. कडेचं एक कौल उठलं की पुढची सगळी उठतात. म्हणून कडा धरल्या की मधलं आपोआप धरलं जातं. त्यांची सगळी घरं वाचली असं मी म्हणणार नाही. ज्यांच्यावर माड पडला त्यांचं काय करणार? पण नुसत्या वाऱ्याने गेलेली थोडी.

दुसरं रिपांचं अंतर. दुकानदार सांगतात साडेबारा इंच धरा. आप्पा कधी धरायचे नाहीत. आलेल्या कौलांतली काही खळ्यात ओळीने मांडायचे, आधी एकमेकांत घट्ट दाबून लांबी घ्यायचे, मग खाचेत सुटतील तेवढी ओढून लांबी घ्यायचे, आणि दोन्हींच्या मधलं माप काढायचे. प्रत्येक कारखान्याचं कौल थोडं वेगळं भाजतं. अर्ध्या इंचाची चूक पंधरा ओळींत सात-आठ इंच होते, मग शेवटची ओळ तोडून बसवावी लागते आणि गळती तिथूनच सुरू होते.

तिसरं उतार. आडव्या एका हाताला, म्हणजे चोवीस बोटांना, चौदा बोटं उठाव, त्याखाली नाही. आमच्या पावसाला उतार कमी पडला की वाऱ्याबरोबर पाणी कौलांच्या सांध्यात उलटं चढतं.

लाकूड किंजळ किंवा ऐन. पावसानंतर अंधाऱ्या पक्षात तोडलेलं घ्यायचे, आणि वर्षभर सावलीत थप्पी लावल्याशिवाय वासा करायचे नाहीत. चढवण्याआधी काजूच्या टरफलाचं तेल, म्हणजे वाळवी लागत नाही. ते तेल कातडी भाजतं. आम्हा पोरांना हात लावू देत नसत, स्वतः फडकं गुंडाळून लावायचे. त्यांच्या उजव्या मनगटावर जो काळा डाग होता तो त्याचाच.

स्लॅबचं तुमचं तुम्ही ठरवा. पण कौलारू करणार असाल तर एवढं सांभाळा.

रातांबा

मनापासून आभार. हे सगळं उतरवून घेतलं. इतकं नीट मला आमच्या ठेकेदारानेही सांगितलं नव्हतं.

खाडीपलीकडे

आमचं घर बाणकोट खाडीच्या बाजूला, मोहल्ल्यात. अब्बा कुवेतला होते, मी आता दोहाला. आमचं जुनं घर आजोबांच्या वेळचं, त्यावरची कौलं मंगलोरहून गलबतातून बंदरात आलेली. बासेल मिशन या स्विस मिशनऱ्यांच्या संस्थेचा छाप काही कौलांवर अजून वाचता येतो. १८६५ ला मंगलोरात त्यांचा कारखाना सुरू झाला, एवढं आप्पांनाही माहीत होतं. ते छाप वाचून कुठल्या कारखान्याचं कौल आहे ते सांगायचे.

घर दुरुस्तीला काढलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, जुनं सगळं काढून टाका. आप्पांनी एकेक कौल वाजवून पाहिलं आणि म्हणाले, यातली बरीचशी तुमच्या नातवंडांपर्यंत जातील, नवी घेऊ नका. त्यांनी नवी घ्यायला लावली असती तर त्यांचं काम सोपं झालं असतं आणि दोन पैसेही जास्त सुटले असते. काम रमजानमध्ये आलं होतं. आमच्या घरात सगळ्यांचे रोजे, तर आप्पा आणि त्यांची पोरं दुपारचा डबा खायला मागच्या बागेत विहिरीवर जायची. अम्मीने अनेकदा सांगितलं, ओटीवर बसा, काही हरकत नाही. ऐकलं नाही. इफ्तारला मात्र अम्मी त्यांना थांबवून घ्यायची, पण ते खजूर घेऊन निघायचे, कारण घरी त्यांची आई वाट पाहत असायची. हे थांबवणं आणि निघणं महिनाभर चाललं.

अम्मीला फोनवर कळवलं. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, त्याच्या मुलींना सांग, काही लागलं तर हे घर आहे.

चाकरमानी

सगळं वाचलं. आप्पा मोठेच होते, वाद नाही. पण एक खुपतं ते लिहितो. अशी माणसं गावाने स्वस्तात वापरून घेतली. वादळानंतर एवढी घरं शाकारली, त्याचे किती पैसे मिळाले? कारागीर देवमाणूस होता असं म्हणायचं आणि मजुरी मात्र घासाघीस करून द्यायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं.

पाखाडी

चाकरमानी, मुद्दा खरा आहे आणि तो मांडलात हे बरं केलंत. पण आप्पांना स्वस्त म्हणता येणार नाही. आमच्या भागात त्यांचा दर सगळ्यांत जास्त होता. ते अंदाज एकदाच सांगायचे, मापं घेतल्यावर, आणि त्यात एक रुपया इकडचा तिकडे व्हायचा नाही. घासाघीस करणाऱ्याला शांतपणे दुसऱ्या मेस्त्र्याचं नाव सांगायचे. वादळातली गोष्ट वेगळी. तेव्हा कोणाकडेच पैसे नव्हते.

गुण्या ओळंबा

वादळातल्या कामाची आमची मजुरी आप्पांनी दर शनिवारी दिली. आम्हा दोघांनाही. कुठून दिली ते आम्हाला विचारू दिलं नाही.

सुरंगी

आणखी एक. वादळानंतर आमच्याकडे बऱ्याच घरांवर निळे-लाल पत्रे आले. कौलांचे कट्टर समर्थक त्यावर नाकं मुरडतात. आप्पांनी कधी मुरडलं नाही. शाळेच्या मागे एक विधवा बाई राहते. तिने विचारलं तेव्हा त्यांनी स्वतः तिला पत्रे घालायला सांगितलं. दरवर्षी शाकारणी करायला तुमच्याकडे माणूस नाही, वासे जुने, कौलांचं वजन आता पेलणार नाही, असं समजावलं. पत्रे तापतात म्हणून खाली बांबूचा माळा करून दिला. घर कोणाचं आहे आणि त्यात कोण राहतं हे ते आधी बघायचे. मला त्यांच्या कारागिरीइतकंच हे मोलाचं वाटतं.

मेस्त्र्यांची लेक

मी त्यांची धाकटी. ताईने हा धागा दाखवला. आईला सगळा वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. तुम्हा सगळ्यांचे आभार.

एक गोष्ट आईने मुद्दाम लिहायला सांगितली आहे. भरतीओहोटी, तुम्ही लिहिलंत की स्वतःच्या पडवीवर ताडपत्रीच होती. ते खरं आहे. पण बाबा घर तसंच टाकून गावाला धावले असं कोणाला वाटू नये. वादळ थांबलं त्या रात्री बाबांनी आधी आमचंच छप्पर धरलं. माजघरावर आजी झोपायची तिथली कौलं, आणि चुलीवरची. कंदील मी धरला होता आणि ताई खालून कौलं देत होती. आजीचं अंथरूण परत कोरड्या जागी घातलं, आईने पेज केली, सगळे जेवलो, मगच बाबा झोपले. सकाळी कोळसा घेऊन निघाले ते त्यानंतर. पडवीत कोणी झोपत नव्हतं, म्हणून ती राहिली. आई म्हणते, त्यांनी आम्हाला कधी दुसऱ्या नंबरावर ठेवलं नाही, हे लोकांना कळू दे.

बाबांचा दिवस कसा असायचा ते थोडं लिहिते. आई काजूच्या कारखान्यात जाते. तिची पाळी सुटायला संध्याकाळ होते. बाबा बहुतेक तिच्या आधी घरी पोचायचे. हर्णैला लिलावाच्या वेळी जवळपास काम असेल तर येताना बांगडे किंवा मांदेली आणायचे, नसेल तर कुळथाचं पिठलं. भाकऱ्या बाबा थापायचे. आजीला भाकरी मऊ लागायची, दात नव्हते, म्हणून तिच्यासाठी पाण्याचा हात जास्त लावून वेगळी. आई घरात शिरायची तेव्हा चूल पेटलेली असायची. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी असं असतं.

शेवटची काही वर्षं आजीला चालता येत नव्हतं. शिमग्याला पालखी खळ्यात येते, ओटीवरून तिला दिसायची नाही, आणि पायऱ्यांवरून उचलून न्यायला ती लाजायची. बाबांनी फणसाच्या फळ्यांची एक उतरण केली, ओटीच्या कडेला लावायची आणि काम झालं की काढून भिंतीला टेकवायची. खुर्चीला चाकं बसवली. मग आजी दरवर्षी खळ्यात येऊन पालखीची ओटी स्वतः भरायची. त्या फळ्यांच्या कडा बाबांनी इतक्या घासल्या होत्या की अंधारात हात फिरवला तरी टोचणार नाही. खुर्ची नेणारी आईच होती ना, म्हणून.

अभ्यासाचं सुरंगीबाईंनी लिहिलंच आहे. मला भूमिती बाबांनी शिकवली असंच मी म्हणेन. चार पाखी घर असलं की कोपऱ्यातला कोनवासा किती लांब हे ते कागदावर काढायचे नाहीत. सारवलेल्या खळ्यात चुन्याची दोरी मारून छपराचा तो कोपरा खऱ्या मापाचा काढायचे. दोरीचं एक टोक मी धरायचे. आधी घराची रुंदी, मग उठाव, मग तिरकी. एकदा मी शाळेतून पायथागोरस शिकून आले आणि वहीवर गणित करून त्यांना कोनवाशाची लांबी सांगितली. त्यांनी फूटपट्टीने दोरी मोजली. जुळली. नंतर प्रत्येक घराला ते दोरी मारायच्या आधी मला फोन करून आकडा विचारायचे, मी दापोलीला कॉलेजला असले तरी. दोरी मारायचं मात्र त्यांनी सोडलं नाही.

आता कामाचं. बाबांच्या वह्या आम्ही काढल्या. प्रत्येक घराला एक पान आहे. कौलांचा छाप, रिपांचं अंतर, लाकूड कुठलं, कुठल्या वर्षी काय बदललं, गळती कुठे होते, सगळं लिहिलेलं आहे. ज्यांना आपल्या घराचं पान हवं असेल त्यांनी मला कळवा, फोटो पाठवते. यंदाच्या कामांसाठी काहींनी लाकडाचे पैसे आगाऊ दिले होते. त्यांची नावं आणि रकमा वहीत आहेत. एकही रक्कम बुडणार नाही. काकांनी आणि आईने तसं ठरवलं आहे.

वर्गणी काढण्याविषयी कोणीतरी ताईला फोन केला होता. त्यांचा हेतू चांगला होता, पण आईला ते नको आहे. ताई कमावते, आईची नोकरी आहे, माझं शेवटचं वर्ष आहे. बाबांनी कर्ज ठेवलेलं नाही.

भरतीओहोटी

तुझ्या आईला सांग, मी लिहिलेलं अर्धवट होतं, तू पुरं केलंस. इथे वाचणाऱ्यांनी दोन्ही एकत्र वाचावं.

खाडीपलीकडे

बेटा, आमच्या घराचं पान असेल तर पाठव. अम्मीला वाचून दाखवायचंय.

मेस्त्र्यांची लेक

आहे. दीड पान आहे. पाठवते.

चाकरमानी

मी वर जे लिहिलं होतं त्याचं उत्तर मिळालं. आता पुढचं विचारतो. आप्पांनी यंदाची जी कामं घेतली होती त्यांचं काय? आंबा-काजूच्या हंगामात माणूस मिळत नाही, आणि मे संपला की हातात काही राहत नाही.

गुण्या ओळंबा

सगळी कामं आम्ही दोघं करणार आहोत. आप्पांबरोबर जेवढी वर्षं होतो त्यात हात बसला आहे. वह्या वहिनींनी आमच्या हवाली केल्या आहेत, हत्यारंही. सोमवारी जे घर अर्ध्यावर राहिलं ते आधी. त्यावर सध्या ताडपत्री आहे आणि ती मी रोज संध्याकाळी जाऊन बघतो. तेरावं झालं की लगेच काम सुरू. त्यानंतर ज्या घरांत माणसं राहतात ती, मग बंद घरं. कौलं परतायची आहेत ती अक्षय्य तृतीयेनंतर, वासे बदलायचे आहेत ती त्याआधी.

बंद घरांच्या मालकांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत. मागच्या पडवीतलं सामान मधोमध ओढून वर प्लास्टिक टाकायला कोणाला तरी सांगून ठेवा, कौलं काढताना माती पडते. माळ्यावर जुनी कौलं रचलेली असतील तर ती कोणाला देऊन टाकू नका, त्याच छापाची आता मिळत नाहीत. आणि दर आप्पांनी ठरवलेलाच राहील, वहीत लिहिलाय तो. आम्ही वाढवणार नाही, कमी करायला सांगू नका.

उघडलेलं पाखं त्याच दिवशी झाकणार. ते तसंच चालेल.

पाखाडी

आमच्या माळ्यावर शे-दीडशे कौलं पडून आहेत, छापावर हत्ती आहे. कोणाच्या घराला जुळत असतील तर वहीत बघून उचलून न्या. पैशांचं काही नाही.

अबोली

आमच्याकडेही आहेत, पण छाप पुसट झालाय. फोटो टाकते, बघून सांगा.

गुण्या ओळंबा

टाका. उलटी बाजू, आणि कानाचं भोक दिसेल असा.